घोड्याच्या गोष्टीचा डबा : माळेगावच्या वाटेवर पहिला जिओकॅश लपवताना

माळेगावच्या यात्रेत घोडा घ्यायला आलेला जाणता माणूस आधी किंमत विचारत नाही. तो जनावराचा ओठ वर करून पुढचे दात बघतो. मग वाकून खूर हातात घेतो, नाल कुठल्या बाजूनं झिजलीय ते पाहतो. पाठीवरून केसांच्या उलट्या दिशेनं हात फिरवतो आणि खोगिराच्या जागी जुनी जखम भरून पांढरे केस आलेत का, ते चाचपतो. एवढं झाल्यावर बोलणं सुरू होतं. घोडा काही सांगत नाही, पण आधीच्या मालकांनी त्याला कसं वागवलं ते सगळं त्याच्या अंगावर असतं.

‘ब्लॅक ब्युटी’ वाचताना मला सारखी ही यात्रा आठवत होती, कारण त्या कादंबरीत घोडा स्वतःच बोलतो. म्हणून जिओकॅश, म्हणजे जीपीएसच्या आधारानं शोधायचा डबा, लपवायचं ठरलं तेव्हा मला दुसरं पुस्तक सुचलंच नाही. ज्यांनी या खेळाचं नाव आत्ताच ऐकलंय, पण आपल्या भागात असा एखादा डबा असावा असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी हे लिहितोय. नुसतं घोड्याचं चित्र चिकटवलेला डबा नको. शोधायला येणाऱ्यानं घोड्याकडे नीट बघितलं पाहिजे, तरच त्या पुस्तकाचं नाव द्यायला अर्थ आहे.

खेळ थोडक्यात

एकजण डबा लपवतो, त्याचे अक्षांश-रेखांश जिओकॅशिंग डॉट कॉम या वेबसाइटवर देतो, बाकीचे मोबाइल किंवा जीपीएस घेऊन शोधतात, आतल्या वहीत सही करतात आणि डबा होता तसा परत ठेवतात. २००० सालच्या मे महिन्याच्या सुरुवातीला अमेरिकेनं जीपीएसच्या नागरी सिग्नलमध्ये मुद्दाम मिसळलेली चूक काढून टाकली, आणि लगेच ३ मे रोजी डेव्ह उल्मर यांनी ओरेगॉन राज्यात बीव्हरक्रीकजवळ एक बादली ठेवून तिचा पत्ता इंटरनेटवर टाकला. तिथून हे सुरू झालं. ती बादली अर्धी मातीत पुरलेली होती. आज तसं सर्रास चालत नाही. जमीनमालकाच्या परवानगीशिवाय डबा ठेवण्यासाठी जमीन खणायची नाही, हा नियम आहे, आणि आपल्याकडे तर तो जिवापाड पाळावा. का, ते पुढे येईलच.

लपवण्याआधी शोधा. निदान वीसेक डबे शोधल्याशिवाय स्वतःचा ठेवू नये असं वेबसाइटही सुचवते, आणि ते बरोबर आहे. मराठवाड्यात डबे विरळ आहेत, तेव्हा पुण्या-मुंबईला लग्नाला, कामाला गेलात की तासभर काढा. मोफत खातं पुरतं. वेबसाइट चालवणाऱ्या कंपनीच्या ॲपमध्ये मोफत खात्याला काही डबे दिसत नाहीत, पण अँड्रॉइडवर सी:जिओ नावाचं ॲप आहे, त्यावर बरंच काम भागतं. शोधताना एकच लक्षात ठेवा : कुठला डबा उघडल्यावर आनंद झाला आणि कुठला उघडल्यावर ओली वही हाताला लागली. दोन्हीची कारणं लिहून ठेवा.

आधी पुस्तक, मग डबा

ॲना सेवेल यांची ही एकमेव कादंबरी १८७७ साली नॉर्विचच्या जॅरोल्ड प्रकाशनानं काढली. चौदाव्या वर्षी पडून त्यांचे घोटे कायमचे दुखावले आणि मग आयुष्यभर कुठंही जायचं तर घोडागाडीच. घोड्याच्या जिवावर ज्यांचं चालणं-फिरणं होतं त्या बाईंनी घोड्याच्या तोंडून गोष्ट सांगितली. पुस्तक आल्यावर त्या जेमतेम पाच महिने जगल्या. इंग्रजी मूळ पुस्तक प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फुकट मिळतं. लेखिकेला जाऊन दीडशे वर्षं होत आली, त्यामुळे हक्कांची अडचण नाही.

सबंध गोष्ट एका डब्यात कोंबायचा मोह होतो. तो टाळा. एकच धागा धरा. मी धरला तो मानेचा. त्या काळी श्रीमंतांच्या बग्ग्यांना घोड्याची मान ऐटीत उंच दिसावी म्हणून लगामाला आणखी एक आखूड पट्टा लावून डोकं वर ओढून ठेवत. कादंबरीतला घोडा सांगतो की चढावर ओझं ओढायचं तर मान खाली घालून अंग पुढे टाकावं लागतं, आणि तेच या पट्ट्यामुळे करता येत नाही. श्वास कोंडतो, पाठ आणि पाय भरून येतात. त्याच्या जोडीची जिंजर नावाची घोडी हे सहन करत नाही, लाथा झाडते, आणि खोडकर म्हणून बदनाम होते. ज्यांनी टांगा पाहिलाय त्यांना हे लगेच कळेल. चढ आला की आपले टांगेवाले खाली उतरून चालत आणि लगाम सैल सोडत.

तुम्हाला दुसरा धागा सापडेल. वादळी रात्री घोडा पुलावर पाय टाकायला तयार होत नाही, मालक चाबूक मारतो, आणि पलीकडून कळतं की पूल मध्ये तुटलाय. हा प्रसंग एखाद्या ओढ्याकाठच्या डब्याला फार शोभेल. फक्त तो डबा पावसाळ्यात बंद ठेवावा लागेल, हे आत्ताच सांगून ठेवतो.

जागा आणि परवानगी

इथं सगळ्यात जास्त वेळ द्या. माळेगाव लोहा तालुक्यात, नांदेड-लातूर रस्त्यावर. खंडोबाची यात्रा मार्गशीर्षाच्या वद्यात भरते आणि घोडे, गाढवं, उंट यांचा मोठा बाजार लागतो. म्हणून मला डबा त्याच वाटेवर हवा होता. पण देवळाच्या आवारात किंवा बाजाराच्या मैदानावर तो टिकणार नाही आणि ठेवूही नये. गर्दीच्या जागी बेवारस वस्तू दिसली की पोलिसांना बोलवायचं, हे आपण सगळ्यांनी शिकलेलं आहे, आणि ते योग्यच आहे.

पहिल्यांदा मी गायरानातली एक बाभूळ हेरली. मोबाइल हातात धरून तिच्याभोवती अर्धा तास फेऱ्या मारत होतो. शेजारच्या तुरीतून एक म्हातारे काठी घेऊन आले. “काय हुडकायलाव पाव्हनं?” मी म्हणालो, “डबा.” त्यांचा चेहराच बदलला. हातात यंत्र, झाडाखाली फेऱ्या आणि तोंडी डबा, म्हणजे गुप्तधनवाला. आपल्याकडे या नादापायी माणसं फसली आहेत, बळी गेले आहेत. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुप्तधनाचं नाव उगीच आलेलं नाही. म्हाताऱ्यांची शंका रास्त होती. त्यांना पारावर नेऊन चहा पाजला, ॲप दाखवलं, रिकामा डबा उघडून दाखवला, तेव्हा कुठं ते हसले. त्या दिवसापासून माझा क्रम ठरला : आधी जमिनीचा मालक, मग सरपंच, मग पोलीस पाटील, आणि तिघांना सांगून झाल्यावर जागेची पाहणी. परवानगी लेखी नसली तरी चालेल, पण जिच्या शब्दाला गावात किंमत आहे अशी व्यक्ती हवी.

शेवटी डबा मामाच्या शेतात ठेवला. मामा म्हणाले, “ठेव बाबा, पण पेरणी झाल्यावर कुणी रानातून तुडवत येऊ नये.” म्हणून जागा गाडीवाटेला लागून निवडली. दुसऱ्याच्या बांधावर काहीही ठेवू नका. बांधावरून भावाभावांत कोर्टकचेऱ्या चालू असतात, त्यात तुमचा डबा नको.

दौलताबादचा किल्ला, वेरूळ, बीबी का मकबरा अशा संरक्षित वास्तूंमध्ये डबा ठेवायचा विचारही करू नका. भिंतीच्या फटीत बोटं घालणारा प्रत्येक शोधक तिथं थोडी माती, थोडा चुना काढत जातो. शाळा, रेल्वेरूळ, पूल, पाण्याची टाकी, वीज उपकेंद्र हेही वर्ज्य. आणि दुसऱ्या कुणाच्या डब्यापासून तुमचा डबा निदान १६१ मीटर लांब असावा लागतो.

जागेवर हात घालण्याआधी काठी घाला. दगडाखाली विंचू, फुरसं, घोणस काहीही असू शकतं. झाडावर आग्या मोहोळ नाही ना, ते वर बघून घ्या. शोधणारा माणूस खाली बघत येतो, म्हणून वरचं तुम्ही बघायचं.

डबा

पारदर्शक, घट्ट झाकणाचा, जाड प्लास्टिकचा. पारदर्शक का, तर आत काय आहे ते न उघडता दिसावं. बाहेरून मराठीत ठळक लिहा : “हा खेळातला डबा आहे. धोका नाही. आत फक्त वही आहे. कृपया इथंच ठेवा.” परदेशात बंदुकीच्या गोळ्यांच्या लोखंडी पेट्या वापरतात, त्या आपल्याकडे नकोत. स्टीलचा डबाही नको, तो दुसऱ्या दिवशी कुणाच्या तरी मांडणीवर दिसेल.

आपल्या काळ्या मातीचा स्वभाव विसरू नका. उन्हाळ्यात ती हात जाईल एवढी भेगाळते आणि पावसाळ्यात फुगून चिखल होते. जमिनीवर ठेवलेला डबा पहिल्या पावसात वाकडा होतो, झाकण रुतून बसतं. म्हणून खाली दोन सपाट दगड, वर डबा, बाजूनं सावली. मेच्या उन्हात साधं प्लास्टिक वर्षभरात कडकडीत होऊन फुटतं.

आत वही आणि पेन्सिल. बॉलपेन नको, दमट कागदावर तो उमटत नाही. वही झिपच्या पिशवीत ठेवा. देवाणघेवाणीसाठी लहान वस्तू चालतात, खाण्याची एकही नको, नाहीतर उंदीर-घुशी डबाच कुरतडतात. खंडोबाच्या वाटेवरचा डबा म्हणून आत भंडाऱ्याची पुडी ठेवावी असं मनात येतं, माझ्याही आलं होतं. ठेवू नका. पुडी सुटते, वही पिवळी होते, आणि भंडारा पायदळी जातो.

कोडं बांधताना

पाटीवर, म्हणजे वेबसाइटवरच्या डब्याच्या पानावर, दिलेल्या जागी डबा नसतो आणि खरी जागा कोड्यातून काढावी लागते, अशा प्रकाराला मिस्ट्री कॅश म्हणतात. पुस्तकावरच्या डब्याला हाच प्रकार चांगला. खरी जागा पाटीवरच्या जागेपासून सुमारे ३.२ किलोमीटरच्या आत हवी. पाटीवरची जागा सहज गाडी थांबवता येईल अशी द्या, फाट्यावरची वगैरे.

समजा पत्ता उत्तर १८° ५अ.बकड′ असा आहे, आणि प्रत्येक अक्षराच्या जागी एका प्रश्नाच्या उत्तराचा आकडा येतो. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे साधारण १,८५२ मीटर. त्यामुळे ‘अ’ एकानं चुकला तर माणूस पावणेदोन किलोमीटरहून जास्त भरकटतो, ‘ब’ चुकला तर १८५ मीटर, आणि शेवटचा ‘ड’ चुकला तर जेमतेम दोन मीटर. म्हणून सगळ्यात सोपा प्रश्न ‘अ’ ला द्या, अवघड ‘ड’ ला.

प्रश्नाचं उत्तर एकच निघालं पाहिजे. ‘कादंबरीत प्रकरणं किती?’ हा प्रश्न वाईट, कारण मूळ पुस्तकात ४९ आहेत, पण शाळेच्या ग्रंथालयातली संक्षिप्त आवृत्ती हाती असेल तर आकडा वेगळाच येतो. ‘घोड्याला किती नावं मिळाली?’ हाही वाईट : डार्की, ब्लॅक ब्युटी, ब्लॅक ऑस्टर, जॅक, आणि पुढे टोपणनावं मोजायची की नाही यावर वाद. ‘त्याचे पांढरे पाय किती?’ हा उत्तम. एकच, आणि कपाळावर चांदणी. आपल्याकडे चार पाय आणि कपाळ पांढरं असलं की पंचकल्याणी म्हणतात, त्याच्याशी घोळ होऊ नये म्हणून प्रश्नात ‘पाय’ हा शब्द ठळक करा.

निम्मे प्रश्न पुस्तकातले ठेवा आणि निम्मे खऱ्या घोड्याचे. खालच्या जबड्यात पुढचे कापायचे दात किती? सहा. मधली जोडी अडीच वर्षांच्या सुमाराला बदलते, तिच्या शेजारची साडेतीनला, कडेची साडेचारला, म्हणून पाच वर्षांचा घोडा पूर्ण दाताचा. घोड्याची उंची मोजायच्या एका ‘हँड’मध्ये इंच किती? चार. ही उत्तरं शोधताना माणूस एखाद्या जाणत्याशी बोलतो, आणि खरी गंमत तिथं आहे. माझ्या डब्याचे प्रश्न अर्थातच वेगळे आहेत.

एक टप्पा प्रत्यक्ष हाताळण्याचा ठेवा. मी मामाच्या फाटकाच्या खांबावर एक नाल ठोकली आणि तिची भोकं मोजायला सांगितली. नालबंदाकडून आणलेली चांगली जाड नाल, दोन्ही बाजूंना खाच, खाचेत चार-चार चौकोनी भोकं. पंधरा दिवसांत ती गेली. कादंबरीतला घोडा काळा आणि मी वर्णनात तसं लिहिलेलं, मग काळ्या घोड्याची नाल म्हटल्यावर ती शनिवारी कुणाच्या तरी उंबरठ्यावर जाणारच होती. दुसरी नाल लोखंडी पट्टीला वेल्डिंग करून घेतली. तिच्या एका भोकात चिखल वाळून बसला, आणि माझ्या मित्रानं एक भोक कमी मोजून भलत्याच शेताकडे पायपीट केली. आता तिसरी आहे, भोकांच्या कडांना पांढरा रंग लावलेली. किती भोकं आहेत ते इथं सांगत नाही.

उत्तरांची बेरीज किती यावी ते वर्णनात द्या. वेबसाइटवर उत्तर तपासायची सोय असते, तीही चालू करा. लोक उन्हातान्हात येतात, चुकीच्या आकड्यावर त्यांना घरीच थांबवलं पाहिजे.

आणि मानेचं काय केलं? वर्णनात विनंती आहे : फाटकापासून सपाट वाटेवर पाठीवर पिशवी घ्या, हनुवटी जाईल तेवढी वर करा आणि दहाच पावलं चाला. मग मान सोडून तेवढंच परत या. सोबत कुणीतरी असू द्या, खाली खड्डा नाही ते आधी बघा. ही फक्त विनंतीच ठेवता येते. वहीत सही झाली की शोध मान्य, त्यापलीकडची कुठलीही अट घालता येत नाही. तरीही बहुतेक जण चालून बघतात.

जिवंत घोडा कोड्यात नको

हे स्पष्ट लिहा. यात्रेतल्या घोड्याचे दात मोजायला लावणारा प्रश्न कधीही घालू नका. कुणाला घोडा बघायचाच असेल तर मालकाला विचारून, त्याच्यासमोर. घोड्याला थेट पाठीमागचं आणि अगदी कपाळासमोरचं दिसत नाही, म्हणून खांद्याच्या बाजूनं, बोलत बोलत जावं. डोळ्यांना ढापणं लावलेली असतील तर आणखी सावकाश. हात मानेवर ठेवावा, एकदम तोंडाकडे नेऊ नये. तोबरा लावून चंदी खात असेल तर थांबावं.

आकडे घेणं, पाठवणं

डब्यापाशी तीन वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या वेळी आकडे घ्या आणि सरासरी काढा. मोकळ्या आभाळाखाली मोबाइल तीन ते पाच मीटरपर्यंत बरोबर सांगतो, दाट लिंबाखाली जास्त चुकतो. मोबाइल जमिनीवर ठेवून दोन मिनिटं थांबा, मग वाचा.

अवघडपणा आणि वाट यांना एक ते पाच असे दर्जे द्यायचे असतात. वाटेचा दर्जा पावसाळ्यातला धरा, उन्हाळ्यातला नाही. वर्णन मराठीत लिहा आणि खाली इंग्रजीत थोडक्यात द्या. जाहिरात किंवा धर्मप्रचार नको. खंडोबाचा उल्लेख जागेची ओळख म्हणून चालतो. मग स्वयंसेवक तपासनीस आठवडाभरात बघतात आणि शंका विचारतात. परवानगी कुणाची, खणलंय का, हे दोन प्रश्न येतीलच, तेव्हा उत्तर आणि फोटो तयार ठेवा.

प्रकाशित व्हायच्या आधी खेळ न येणाऱ्या एखाद्याला पाठवा. तो कुठं अडखळतो ते लांबून बघा, बोलू नका.

नंतरची देखभाल

डबा निदान तीन महिने राहील अशा बेतानंच ठेवायचा असतो. मी मृगाआधी एकदा जातो, दिवाळीनंतर एकदा, आणि कुणी ‘वही ओली’ असं लिहिलं की त्याच आठवड्यात. यात्रेच्या आठवडाभर आधी डबा वेबसाइटवर तात्पुरता बंद करतो आणि घरी घेऊन येतो, कारण त्या दिवसांत गाडीवाटेवर मुक्कामाला पालं पडतात, दावणी लागतात, पोरं खेळतात. यात्रा उठली की वाट झाडून निघते. मग मामाला फोन करतो, ते म्हणतात, “ये, रान मोकळं झालं,” आणि मी नवी वही, दोन टोकदार पेन्सिली आणि नालेच्या कडांना लावायचा पांढरा रंग घेऊन निघतो.